विकतची पदवी की मुक्त विद्यापीठाची?

कामात वाकबगार, पण बढतीच्या अर्जावर ‘किमान पात्रता : पदवीधर’ दिसलं की गाडी अडते. अशा माणसाला व्हॉट्सॲपवर जाहिरात येते : ‘घरबसल्या डिग्री, परीक्षा नाही, मागच्या तारखेची मार्कशीटही मिळेल.’ दुसरा रस्ता इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा. तिथे बी.ए. किंवा बी.कॉम.ला किमान तीन वर्षं लागतात.

वेळेच्या हिशेबात विकतची पदवी सरस, हे मान्यच. पैशांच्या हिशेबात मात्र नाही. मुक्त विद्यापीठाची फी वर्षाला काही हजार असते आणि ती आधीच कळते. विकतच्या पदवीचा शेवटचा हप्ता कोणता, ते विकणाराच ठरवतो. कराचीच्या ‘ॲक्झॅक्ट’ कंपनीचं प्रकरण २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीला आणलं. शेकडो बनावट शाळा-विद्यापीठांच्या वेबसाइट त्यांनी थाटल्या होत्या. त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही त्यांच्याच, तितक्याच बनावट. आखातात नोकरी करणारे अनेकजण त्यांचे गिऱ्हाईक होते. पदवी हातात पडली की अमेरिकी सरकारी अधिकारी असल्याचं भासवून फोन यायचे : कागद प्रमाणित करा, नाहीतर कारवाई होईल. लोक घाबरून पुन्हा पैसे भरायचे. पदवी खोटी आहे हे पुराव्यासह विकणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि गिऱ्हाईक पोलिसांकडे जायला कचरतं.

कायद्याच्या दृष्टीने तर तुलनाच होत नाही. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था, एवढ्यांनाच आहे. बनावट प्रमाणपत्र खरं म्हणून नोकरीसाठी दिलं तर तो फौजदारी गुन्हा. उलट मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. कुणी नाक मुरडलं तर ते पत्रक दाखवा.

‘पण आमची डिग्री खऱ्या विद्यापीठाची आहे’ असंही सांगतात. हिमाचलमधल्या सोलनचं मानव भारती विद्यापीठ खरंच कायद्याने स्थापन झालेलं होतं. तिथून हजारो बोगस पदव्या विकल्या गेल्याचं तपासात पुढे आलं. त्याची झळ तिथे प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलांनाही बसली, याचा मला फार राग येतो.

म्हणून नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डेबच्या साइटवर तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष, दोन्ही शोधा. आता प्रवेशाआधी डेब आयडी काढावा लागतो. तो आपला आपण काढा, एजंटाच्या हाती कागद देऊ नका. दूरस्थ इंजिनिअरिंग किंवा ऑनलाइन पीएच.डी. कुणी देऊ केली तर तिथेच थांबा, यूजीसी त्यांना मान्यता देत नाही.

तीन वर्षं जड वाटतायत? इग्नूत बी.ए. पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते, त्यामुळे शिफ्ट सांभाळून थोडे थोडे पेपर देता येतात. बारावी राहिली असेल तर आधी १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म भरा. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांसाठी होतात, तेव्हा एक सत्र हुकलं तरी पुढचं गाठता येतं.