पडद्याची गर्भपिशवी की दोन शिंगांची?

एचएसजीच्या (गर्भपिशवीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेच्या) फिल्मवर दोन्ही सारख्याच दिसतात: मधे फट, दोन बाजूंना दोन पोकळ्या. म्हणून केवळ त्या फिल्मवरून ऑपरेशनची तारीख घेऊ नका. फरक बाहेरच्या आकारात असतो आणि तो थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळतो.

आईच्या पोटात असतानाच मुलीच्या दोन नळ्या जुळून गर्भपिशवी बनते. जुळल्या, पण मधली भिंत विरघळली नाही, तर पडदा राहतो. पिशवीचा माथा बाहेरून जवळपास सपाट असतो. वरच्या भागात नीट जुळल्याच नाहीत, तर माथ्यावरच 1 सेंटीमीटरहून खोल खाच पडते. ती दोन शिंगांची.

पडद्यात गर्भपाताचा धोका जास्त. हा पडदा दुर्बिणीने, पोटावर छेद न घेता कापता येतो. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 80 स्त्रियांच्या चाचणीत पडदा कापल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे घाई नको, असं मला मनापासून वाटतं.

दोन शिंगांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र बाळ पायाळू असणं, दिवस भरण्याआधी प्रसूती होणं, यासाठी तपासण्या चुकवू नयेत.

मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घ्या. अशा गर्भपिशवीसोबत कधीकधी एक मूत्रपिंड जन्मतःच नसतं.