नव्या होस्टिंगवर सात महिने: तेहतीस अक्षरांत अडकलेली शीर्षकं

आमच्या वाचनालयाची ऑनलाइन ग्रंथयादी सात महिन्यांपूर्वी जुन्या होस्टिंगवरून (साइटसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून) हलवली. कारण पैसे. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेला प्लॅन दर नूतनीकरणाला चढत गेला. शेवटचं बिल १८ टक्के जीएसटी धरून जेवढं आलं, तेवढ्यात आमची दोन महिन्यांची मासिकं येतात. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत असा खर्च मंजूर करून घेणं मला पटेना. दुसऱ्या कंपनीचा तीन वर्षांचा प्लॅन घेतला.

जागा, वेग, सीपॅनेल (साइट सांभाळायचा पडदा) सगळीकडे साधारण सारखंच असतं, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय मराठी अक्षरांबद्दल.

यादी ज्यात साठवलेली असते तो डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल. जुन्या सर्व्हरवर त्याचं ५.५ होतं, नव्यावर ८.०. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून, म्हणजे डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायच्या साधनातून, ३८ एमबीची फाइल काढली. नव्या सर्व्हरवर चढवताना दोनदा टाइमआउट झालं, तिसऱ्यांदा झिप करून गेली. साइट उघडली आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक शीर्षकाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चार काटे फुटलेलं वर्तुळ, मध्येच जपानी येनचं चिन्ह. अकरा हजार पुस्तकं, आणि एकाचंही नाव वाचता येईना.

सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर आलं, ब्राउझरची कॅश साफ करा. दोन दिवस तेच. संतापून मी या कंपनीला एक तारा दिला होता. तो आज मागे घेतेय, कारण दोष त्यांच्या सर्व्हरचा नव्हताच.

दोष २००९ पासून आमच्याच टेबलांत बसलेला होता. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनचा, त्यामुळे ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, टेबल बनवताना काही सांगितलं नाही तर लॅटिन१ हा पश्चिम युरोपी भाषांचा अक्षरसंच (कॅरेक्टर सेट) आणि स्वीडिश वर्णक्रम आपोआप लागायचा. आमची साइट यूटीएफ८ मधलं (सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीतलं) मराठी त्या लॅटिन१ टेबलात ढकलत होती आणि तसंच बाहेर काढत होती. दोन्हीकडे चूक एकच, म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसायचं. एक्सपोर्ट करताना मात्र सर्व्हरने आमचं मराठी खरंच लॅटिन मानलं आणि त्याचं पुन्हा यूटीएफ८ केलं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणून एका चिन्हाची तीन वेडीवाकडी अक्षरं झाली. उकार, मात्रा, हलन्त आला की तिथे येन.

उपाय कमांड लाइनवर सापडला. मायएसक्यूएलडम्प ही डेटाबेसची फाइल काढणारी कमांड चालवताना कॅरेक्टर सेट मुद्दाम लॅटिन१ द्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग फाइलमध्ये सेट नेम्स ही अक्षरसंच सांगणारी ओळ आणि टेबलांच्या व्याख्येतलं लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करायचं. नुसतं यूटीएफ८ नको. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीनच बाइटांपर्यंत जातं, त्यात इमोजी बसत नाहीत. नव्या कंपनीने सर्वांत खालच्या प्लॅनमध्येही एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड देण्याची सोय) दिलंय, त्यामुळे फाइल मिनिटाभरात चढू लागली. इथे माझं मत पार बदललं.

पण मध्येच १३६६ क्रमांकाची एरर येऊन काम थांबलं. एका शीर्षकाच्या शेवटी अर्धवट अक्षर होतं. तिथे कळलं ते खरं दुखणं. शीर्षकाचा रकाना व्हारचार १०० होता, म्हणजे जास्तीत जास्त १०० अक्षरांचा. लॅटिन१ मध्ये १०० म्हणजे १०० बाइट, म्हणजे जेमतेम ३३ चिन्हं. ‘पुस्तक’ या एका शब्दाला उकार आणि हलन्त धरून सहा चिन्हं, १८ बाइट लागतात. त्याहून लांब नाव जुना सर्व्हर मुकाट्याने कापत होता. नव्याचा स्ट्रिक्ट मोड (चुकीची माहिती नाकारणारी कडक तपासणी) कापलेलं अक्षर घ्यायला तयार नव्हता, आणि मला ते फार आवडलं.

जुन्या टेबलात बरोबर शंभर बाइटांची शीर्षकं शोधली. १४७ निघाली. अर्ध्या अक्षरावर तुटलेली होती तशी अक्षराच्या कडेला नेमकी कापली गेलेलीही होती, ती एररमध्ये कधीच सापडली नसती. ग्रंथपाल काकांनी दाखल रजिस्टरं काढून दिली. ते दाखल क्रमांक वाचून पूर्ण नाव सांगायचे, मी टाइप करायची. चार संध्याकाळी गेल्या. कोशांची आणि चरित्रांची नावं सगळ्यांत जास्त कापली गेली होती, कारण ती लांब.

सात महिन्यांत साइट दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा अर्ध्या तासात सुरू झाली. बॅकअप रोज होतो, मी एकदा परत आणून पाहिला, मराठी शाबूत होतं. राग अजून एकाच गोष्टीचा आहे. देवनागरी बिघडलीय असं लिहूनही कॅश साफ करायला सांगणं. भारतात होस्टिंग विकणाऱ्यांच्या सपोर्टला कॅरेक्टर सेट म्हणजे काय हे ठाऊक असायलाच हवं. त्याचा एक तारा कापलाय, चार देतेय.

हलवणार असाल तर डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, आणि जुना प्लॅन निदान महिनाभर बंद करू नका. ती १४७ शीर्षकं मी जुन्या टेबलातूनच शोधू शकले.