टाके की टिपके?

माझ्या डोक्यामागे कानापासून कानापर्यंत एक बारीक पांढरी रेघ आहे. चुलतभावाच्या मागे नुसते टिपके. टकलावर केस दोघांनीही लावून घेतले. मी एफयूटीने, त्याने एफयूईने. रत्नागिरीत ओळखीचे विचारतात, बरं कुठलं?

एफयूटीत मागच्या कातडीची पट्टी काढून टाके घालतात आणि त्या पट्टीतून एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा बारीक पुंजका, सुटा करतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. म्हणजे मुंबईची दुसरी खेप, नाहीतर गावच्या डॉक्टरांना गळ. केस थोडे वाढवले की रेघ झाकते. गप्पांच्या नादात न्हाव्याने दोन नंबरची मशीन फिरवली की उघडी पडते; माझी पडली.

एफयूईत साधारण १ मिलिमीटरच्या पोकळ पंचने मुळं सुटी काढतात. टाके नाहीत, दुखणं कमी. पण बहुधा डोकं भादरावं लागतं. भाऊ तसाच गणपतीला वाडीत आला, तर पहिल्याच घरी काकूने दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

डीएचआय म्हणून जे महाग विकतात, त्यात मुळं एफयूईसारखीच काढतात. फक्त पेनासारख्या उपकरणाने भोक पाडून त्याच दमात रोवतात. 'सफायर' तर नुसतं भोकं पाडायच्या पात्याचं नाव. मी त्यापेक्षा विचारीन, पंच धरणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन?

आंब्याचं कलम मेलं तर दुसरं बांधता येतं. इथे मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही, आणि एफयूईत हावरटपणे काढलं तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. टक्कल मोठं आणि केस लांब ठेवणार असाल तर एफयूटी बघा. बारीक कापणाऱ्याला एफयूईच. विशीतल्या पोरांनी थांबावं, टक्कल अजून सरकत असतं.

आणि एप्रिल-मे टाळा. महिनाभर ऊन, घाम, समुद्र काही नको, तेव्हा आंबे उतरवणार कोण? लग्न ठरलं असेल तर वर्षभर आधी करा, कारण लावलेले केस आधी गळतात. तिसऱ्या आठवड्यात भावाने रात्री अकराला फोन केला, "दादा, उशीवर सगळं आलं रे." कोंब दिसायला चौथा महिना उजाडला.