टर्बो गाडीला पाण्याचा फवारा बसवावा की जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे?

रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातले प्रोग्रामिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवलेल्या पेट्रोल गाडीचे नॉकिंग, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने इंधन अवेळी आपोआप पेटणे, आवरण्यासाठी हे दोन्ही मार्ग मी साताऱ्यात राहून वापरले आहेत.

जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे असे अवेळी सहज न पेटणाऱ्या, पेट्रोलसाठी गाडीत काहीच बसवावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र ज्या इंजिनाचे इग्निशन टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) नॉकिंगमुळे मुळात मागे येतच नाही, त्याला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय १०८ च्या आसपास ऑक्टेन असलेले इथेनॉल मिसळू लागल्यापासून साध्या पेट्रोलचाही ऑक्टेन वाढल्यामुळे, दोन्ही पेट्रोलांतला फरक पूर्वीइतका राहिलेला नाही असे मला वाटते.

माझी खरी अडचण वेगळी होती. नेहमीच्या पंपावर ते पेट्रोल वरचेवर संपलेले असे, ‘टँकर उद्या येईल’ हे उत्तर ठरलेले असे, आणि नाइलाजाने साधे भरले की टाकीतल्या उरलेल्या चांगल्या पेट्रोलचाही गुण उतरे. रिमॅप मात्र पूर्ण ऑक्टेन गृहीत धरून केलेला. एप्रिलच्या दुपारी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढणीवर ट्रकमागे रखडून, वाट मिळताच ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी क्षणभर जोरात ओढे आणि लगेच, ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) नॉकिंग टाळायला टायमिंग मागे घेतल्यामुळे, जड होई. ऐन ओव्हरटेकच्या वेळी असे होणे मला धोक्याचे वाटले.

इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारलेले पाणी थेट नॉकिंग घडवणाऱ्या उष्णतेवरच काम करते. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तर तेवढ्याच पेट्रोलची होताना साधारण ३५०. बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये ही यंत्रणा कारखान्यातूनच दिली होती. फवारा बूस्ट चढल्यावरच उडत असल्याने छोटी टाकीही बरीच पुरते, आणि डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या कोणत्याही दुकानात मिळते. बोअरचे पाणी मात्र कधीही घालू नये, कारण त्यातल्या क्षारांनी नोझलचे केसाएवढे भोक बुजते.

वॉरंटीतल्या किंवा मूळ ट्यूनवरच्या गाडीसाठी मी पेट्रोलच सुचवेन. बूस्ट वाढवलेलाच असेल आणि घाटात नेहमी जाणे असेल, तर माझा कल पाण्याकडे आहे. फक्त पाणी संपताच किंवा नोझल तुंबताच बूस्ट आपोआप उतरवणारी सोय आधी करून घ्यावी, आणि जास्त पाण्याने स्पार्क विझू लागत असल्यामुळे नोझलचा आकार अनुभवी ट्यूनरकडूनच ठरवून घ्यावा.