कॅनडाचा पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना): अर्ज स्वतः भरायचा की कन्सल्टंटकडून?

नोकरी-शिक्षणाचा सरळ मामला असेल, तर मी म्हणेन स्वतःच भरा. २०१५ पासून चालू असलेली एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे कुशल कामगारांना गुण देऊन पीआरसाठी निवडायची पद्धत, ऑनलाइनच आहे. फॉर्म जमतो, घाम काढतात ती कागदपत्रं. निवड होऊन अर्ज करायचं आमंत्रण आलं की तो भरायला हातात ६० दिवस, आणि जुन्या कंपनीकडून कामाचं तपशीलवार पत्र मिळवता मिळवता त्यातले कितीतरी उडतात. गंमत म्हणजे कन्सल्टंट नेमला तरी त्या एचआरच्या मागे धावायचं तुम्हालाच. त्याच्या फीने गुण वाढत नाहीत, फाइलही पुढे सरकत नाही.

मग कन्सल्टंट कधी? आधी व्हिसा नाकारला गेलाय, एखादी पोलीस केस आहे, मुलाच्या ताब्याचा वाद आहे, तेव्हा जरूर. पण फी घेऊन काम करणारा कॅनडाचा परवानाधारक सल्लागार किंवा वकीलच हवा. परवाना तिथल्या नियामक संस्थेच्या जाहीर यादीत तपासता येतो. ‘सही करा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. त्याने अर्जात खोटं घुसवलं आणि ते पकडलं गेलं, तर ५ वर्षांची बंदी तुमच्यावर; तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे.