चारोळी की गोडंबी: रानातून कोणती आणावी?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे ज्यांचं येणं-जाणं आहे आणि रानातलं काहीतरी स्वतः वेचून, फोडून खावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे खरे पर्याय दोनच. चारोळी, नाहीतर बिब्ब्याची गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला दाणा. मी दोन्ही करून पाहिल्या. आता एकीकडेच जातो, पण दुसरीची चव अजून जिभेवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाकीचे उमेदवार आधी बाजूला करू. बेहड्याचं मगज चवीला छान असतं, पाड्यावरची पोरं दगडाने फोडून खातात. पण जास्त खाल्लं की गरगरतं, गुंगी येते, आणि माझ्यासाठी ‘जास्त’ म्हणजे नेमकं किती हे कुणीच सांगू शकलं नाही. मी ते सोडलं. रस्त्याकडेचा देशी बदाम रानातला नव्हेच. आणि कुंपणाला असतो त्या मोगली एरंडाला मुलांना हातही लावू देऊ नका. त्याच्या बिया चवीला गोड लागतात, तिथेच घात होतो. उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात न्यावं लागलेल्या शाळकरी मुलांच्या बातम्या आपण दर वर्षा-दोन वर्षांनी वाचतोच.

आता मुख्य जोडी. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ही चारही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलातलं तेल हात पोळतं. तोच गुण बिब्ब्यात टोकाला गेलेला आहे. आंब्याचा चीक किंवा काजू ज्यांना सोसत नाही त्यांनी या दोन्हींच्या वाटेला न गेलेलंच बरं.

चवीत गोडंबी सरस, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. काजूपेक्षा दाट, किंचित धुरकट, आणि तुपात परतली की घरभर वास सुटतो. डिंकाच्या लाडवात ती नसेल तर माझ्या आईला लाडू अर्धवट वाटतात. आकारही बरा, चार-पाच दाण्यांत तोंड भरतं. चारोळी मात्र मसुरीपेक्षा थोडी मोठी, चव हळू, दोन-तीनदा चावल्यावर कळणारी. थंडीत काळा बिब्बा त्याच्या नारिंगी बोंडावर बसलेला झाडावर दिसला की कुणालाही मोह होईल. वाळवलेलं ते बोंड खातातही.

मलाही झाला. पाच वर्षांपूर्वी पौषात सावळघाटाच्या पुढच्या एका पाड्यावरून मी किलोभर बिब्बे आणले. ज्या मावशींनी झाड दाखवलं त्या म्हणाल्या, “भाऊ, नुसता हात लावू नको, उतेल.” म्हणजे अंगावर फोड उठतील. मी ऐकलं. हाताला खोबरेल चोपडलं, वर राख लावली, सांडशीत एकेक बिब्बा धरला आणि घरातल्या जुन्या अडकित्त्याने फोडला. कवचाच्या आतून काळपट, मधासारखं दाट तेल येतं, ते राखेत टिपत गेलो. दोन तासांत वाटीभर गोडंबी निघाली, अंगावर एक फोड नाही. अडकित्ता दोनदा साबणाने धुतला आणि परत पानाच्या डब्यात ठेवला.

चौथ्या दिवशी घरातल्या अण्णांनी त्याच अडकित्त्याने सुपारी कातरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ सुजून आले, मग तोंडाभोवती पाण्याचे फोड, मग डोळ्याच्या पापण्या. अठरा दिवस त्यांना धड जेवता आलं नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी सगळी चौकशी करून बिब्ब्याचं नाव घेतलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याच आठवड्यात आईच्या मनगटावर पट्टा उठला होता. तिने बिब्ब्यांची रिकामी पिशवी घडी घालून ठेवली होती, एवढंच.

माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला. स्वतःला जपता येतं. पण हे तेल वस्तूंना चिकटून राहतं आणि ज्याला काही ठाऊक नाही त्याला जाऊन लागतं. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्या याच तेलाने, कारण ती खूण धुण्याने जात नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण अडकित्त्याशी त्याचा संबंध जोडायला अण्णांचे ओठ सुजावे लागले. ‘कामात बिब्बा घालणे’ हा शब्दप्रयोग मी तेव्हापासून जपून वापरतो. विदर्भात कितीतरी बायका रोज बिब्बे फोडून घर चालवतात. त्यांच्या हातांची काय अवस्था होत असेल याचा विचारही मला त्या अठरा दिवसांत पहिल्यांदा आला.

चारोळीचा जाच वेगळा आहे. तो वेळेचा. वैशाखात फळं काळी-जांभळी होतात. वरचा गर आंबटगोड, तो खातखातच वेचायचं. घरी आणून रात्रभर भिजवायची, सकाळी गोणपाटावर चोळून गर काढायचा, बिया कडक उन्हात वाळवायच्या. मग फोडणं. खलबत्त्यात घातलं तर सगळाच भुगा होतो. पाट्यावर एक थर पसरून वरवंटा अंगाचा भार न देता फिरवला की कवचाच्या दोन वाट्या सुटतात, मग सुपात पाखडायचं. दोन किलो फळांची माझ्या हातून जेमतेम वाटीभर चारोळी निघते. हे ज्याच्या जिवावर येईल त्याने सरळ विकत आणावी, त्यात कमीपणा नाही. पण त्या दुपारी माझी सात वर्षांची मुलगी शेजारी बसून दाणे निवडते, अण्णा सूप धरतात, आणि कुणालाही ‘हात लावू नको’ म्हणावं लागत नाही.

झाड ओळखायला सोपं आहे: काळपट, चौकोनी भेगा पडलेली साल आणि जाड, चिवट पानं. तरी पहिल्या वेळी पाड्यावरचं माणूस सोबत घ्याच. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिथल्या वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे, तेव्हा विचारल्याशिवाय झोळी भरायची नाही आणि घेतलेल्या फळांचे पैसे द्यायचे. बोरगडसारख्या संवर्धन राखीवात तर वेचायचंच नाही. फांद्या तोडून कच्ची फळं ओरबाडल्याने ही झाडं आधीच कमी होत आहेत. माकडं आणि पाखरं यांच्या वाट्याचं वरच राहू द्यावं, हाताला येतं आणि खाली पडतं तेवढं पुरतं.

तुमच्या घरात लहान मुलं नसतील, अवजारं कायमची वेगळी ठेवता येत असतील आणि शिकवायला जाणतं माणूस असेल, तर गोडंबीचं गणित कदाचित वेगळं बसेल. मी ती लाडवांपुरती पाव किलो नाशिकच्या भद्रकालीतून आणतो आणि दुकानदाराशी घासाघीस करत नाही.

चारोळीबद्दल एक सांगायचं राहिलं. सोललेली चारोळी पावसाळ्यात लवकर खवट होते. मी बिया कवचासकट पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि श्रीखंड करायचं असेल त्या दिवशी सकाळी मूठभर फोडून घेतो. दसऱ्यापर्यंत सहज पुरतात.