'फक्त रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी': टेक्ससमधल्या एका बनावट शिकारी लीजची हकिगत

टेक्ससमध्ये हरणाच्या शिकारीसाठी रान भाड्याने घेणारी मराठी माणसं आता भेटू लागली आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. त्यातही जे रायफल घरी ठेवून रिव्हॉल्व्हर घेऊन जातात त्यांनी जरा नीट वाचावं, कारण आम्हाला ज्याने गंडा घातला त्याचा गळ नेमका आमच्याच तोंडाच्या मापाचा होता. शिकार करावी की करू नये हा वाद इथे नको. तो घरी बायकोशी रोज चालू असतोच.

आधी इथली रीत सांगतो. टेक्ससची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. त्यामुळे रँचमालकाला पैसे मोजायचे आणि त्याच्या रानात शिरायचं. कोणी वर्षाची लीज घेतं, कोणी शनिवार-रविवारची. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. आपलं चितळ मात्र बारा महिने मारता येतं. १९३०च्या दशकात ते इथे आणून सोडलं आणि पुढे ते चांगलंच फोफावलं. काळवीटही साधारण त्याच काळात आलं. नान्नजच्या माळावर लांबून काळवीट दिसलं तरी दिवस सार्थकी लागला असं मानणारे आम्ही सोलापूरकडचे. रँचच्या दरपत्रकात काळविटाची किंमत छापलेली पहिल्यांदा वाचली तेव्हा पोटात कसंतरीच झालं होतं. असो.

रिव्हॉल्व्हरवाल्याची अडचण वेगळी असते. बहुतेक रँचवर मका टाकणारा फीडर असतो आणि त्याच्यापासून शंभरेक यार्डांवर लाकडी खोकं. खोक्यात बसा, रायफल खिडकीत टेकवा, हरीण येईपर्यंत कॉफी प्या. ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, तीही दुर्बीण न लावलेली, तिथे कुचकामी. पन्नास यार्डांवर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बरोबर जुळवून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची २४० ग्रेन वजनाची गोळी शंभरावर पाच-सहा इंच खाली जाते आणि दीडशेवर दीड फूट. माझा नियम साधा आहे: ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या जेवायच्या कागदी प्लेटमध्ये बसतात, तेवढंच आपलं अंतर. माझ्या हाताला ते साठ यार्डांच्या आसपास संपतं. म्हणजे उघड्या माळावर हरणाच्या साठ यार्डांपर्यंत पोचायचं. वारा तोंडावर घेऊन, निवडुंग चुकवत, मेस्किटच्या झुडपाआडून पोटावर सरकत जायचं. असं करू देणारा रँचमालक सहसा भेटत नाही. अनोळखी माणसं आपल्या रानात रांगत फिरावीत हे कोणाला आवडेल?

म्हणूनच ती जाहिरात वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सॅन अँजेलोच्या दक्षिणेला, एल्डोराडोच्या बाजूला, सपाट गवताळ रान. पांढऱ्या शेपटीच्या माद्या आणि चितळ. ठळक अक्षरांत अट: फक्त हँडगन आणि धनुष्य, रायफल चालणार नाही. कारणही दिलं होतं. जमीन सपाट, शेजाऱ्याची मेंढरं कुंपणाला लागून चरतात, रायफलची गोळी चुकली तर कुठवर जाईल सांगता येत नाही. त्या भागात मेंढरं खरोखरच भरपूर आहेत आणि युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. दर बाजारभावापेक्षा थोडाच कमी. फार स्वस्त असता तर कोणालाही वास आला असता.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा, पण नुसता गोड नाही, जाणकार. नळी किती इंची, घोडा ओढून मारता की नुसता चाप दाबून, गोळी शिशाची की जॅकेटवाली, सगळं विचारलं. टेकून मारताना सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीपाशी बोटं ठेवू नका, असंही बजावलं. तिथून तापलेला वायू फुटतो आणि तो कातडी सोलून काढतो. माझ्या वाळूच्या पिशवीवर त्याचा काळा ओरखडा कायमचा उमटलेला आहे. आपल्या छंदातली इतकी बारीक गोष्ट समोरचा आपणहून काढतो तेव्हा तो रँचवाला आहे की नाही हे विचारायचंच राहून जातं. खरं तर यातली प्रत्येक गोष्ट घरबसल्या अर्ध्या तासात वाचून पाठ करता येते. रिव्हॉल्व्हरचं ज्ञान हा जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे.

सहाशे डॉलर डिपॉझिट झेलवरून (एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायची इथली सोय) मागितलं. क्रेडिट कार्ड चालेल का म्हटलं तर, "आम्ही छोटे लोक, मशीनचा खर्च परवडत नाही," असं उत्तर. इथले बरेच खरे रँचवालेही असंच सांगतात, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावरून संशय धरता येत नाही. पुढे जायच्या आठवड्यात अडीचशे डॉलर विम्याचे म्हणून मागितले. जबाबदारीच्या कागदावर सही घेण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण सहीबरोबर वेगळे पैसे कोणी घेत नाही. हे दुसरं मागणं या ठगीचा ठरलेला भागच असतो, असं नंतर कळलं. पहिले पैसे गेलेला माणूस ते बुडू नयेत म्हणून दुसरे देतो.

दोन्ही रकमा पोचल्यावर त्याची जीभ सैल सुटली. माझा मेहुणा शेखर बरोबर येणार होता. तो एच-वन-बी वर आहे. त्याच्या लायसन्सचं विचारलं तर गडी म्हणतो, खासगी रँच आहे, चितळ परदेशी जनावर, लायसन्स लागत नाही. हे धडधडीत खोटं आहे. चितळ असो की काळवीट, जमीन कोणाचीही असो, टेक्ससमध्ये शिकारीचं लायसन्स लागतंच. सूट आहे ती रानडुकरांना, २०१९ पासून, तीही खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तरच. आणि शेखरसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने हे फार काळजीपूर्वक लक्षात ठेवावं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावरच्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. ग्राह्य शिकारी लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणजे लायसन्स नसताना भाऊजींची रिव्हॉल्व्हर नुसती हातात धरणंही अंगाशी येऊ शकतं. ठगाला त्याचं काय? आम्ही शेखरचं लायसन्स काढलं, त्याआधी शिकारी सुरक्षेचा कोर्सही त्याने केला. (२ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो करावाच लागतो.)

मी त्याला पुन्हा फोन लावला. बोलता बोलता तो म्हणाला, हरणं सकाळी पाण्यावर येतात, दीडशे यार्डांवरून आरामात टिपाल. आदल्या महिन्यात फटीपाशी बोटं जपायला सांगणारा माणूस बिनदुर्बिणीच्या रिव्हॉल्व्हरने दीडशे यार्डांवरून हरीण मारायला सांगत होता. फोन ठेवल्यावर शेखर म्हणाला, "भाऊजी, हा तोच पहिला माणूस आहे ना?" आवाज तोच होता. पाठांतर संपलं होतं. तरीही आम्ही निघालो, कारण आता तिथे जाऊन बघितल्याशिवाय खरं-खोटं कळणार नव्हतं. मात्र रिव्हॉल्व्हर रिकामी करून पेटीत, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या डब्यात, अशी गाडीच्या मागे टाकली.

डॅलसहून ॲबिलीनपर्यंत आय-२०, मग २७७ नंबरचा रस्ता धरून खाली. सॅन अँजेलो मागे पडलं की मेंढरं, तेलाचे पंप आणि आभाळ. त्याने पाठवलेल्या नकाशावरच्या खुणेपाशी खरोखरच फाटक होतं, फोटोतलंच. साखळीला चार आकड्यांचं कुलूप होतं. दिलेला आकडा लागेना. मेसेज केला. लगेच उत्तर आलं: "कुलूप अडकतं कधी कधी. फाटकावरून चढून या, केबिन अर्ध्या मैलावर आहे, सामान घेऊनच या."

सामान म्हणजे बंदूक.

शेखर पहिल्या आडव्या दांडीवर पाय ठेवून म्हणाला, "चढू का?" मी त्याचा शर्ट धरला. फाटकाच्या खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा होता, वीतभर लांब, मांडीच्या थोडा वर. कुंपणाच्या कडेने नजर टाकली तर लांब पुढच्या एका खांबावर तसाच दुसरा. टेक्ससमध्ये हा जांभळा पट्टा म्हणजे 'प्रवेश बंद'ची पाटी. निदान आठ इंच लांब, इंचभर रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांच्या दरम्यान. उघड्या रानात दोन पट्ट्यांमध्ये जास्तीत जास्त एक हजार फूट अंतर चालतं. म्हणजे शोधला नाही तर दिसत नाही, आणि दिसला नाही ही सबब चालत नाही. जवळ हत्यार असताना घुसखोरी केली तर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. आठशे पन्नास डॉलरची मला फारशी हळहळ नाही. त्याने आम्हाला बंदूक घेऊन परक्या फाटकावर चढायला सांगितलं, याचा राग अजून गेलेला नाही.

थोड्या वेळाने आतल्या बाजूने एक पिकअप धुरळा उडवत आली. साठीचा मुकादम, गवती टोपी, शेजारच्या सीटवर कुत्रं. खाली उतरला नाही. काच अर्धी खाली करून विचारलं, "तुम्हीही हरणाच्या शिकारीला आलात का?" त्या 'ही'मध्येच सगळं आलं. त्या हंगामात आमच्याआधी आणखी लोक येऊन गेले होते, त्यातला एक तर फाटक ओलांडून पार विहिरीच्या पवनचक्कीपर्यंत पोचला होता. मालक शिकारीला रान देतच नाहीत, त्यांची स्वतःची मेंढरं आहेत. "बंदूक कुठे आहे?" त्याने विचारलं. गाडीत, पेटीत, म्हटल्यावर मग तो उतरला, हात मिळवला आणि शेरिफच्या ऑफिसला, म्हणजे इथल्या जिल्हा पोलिसांना, फोन लावला. आलेला डेप्युटी भला निघाला. आमचे मेसेज, पैसे गेल्याच्या नोंदी, फोन नंबर सगळं बघून घेतलं आणि म्हणाला, हा माणूस बहुधा टेक्ससमध्ये नसेलच.

बँकेने अपेक्षेप्रमाणे हात वर केले. चोरट्याने तुमच्या खात्यातून परस्पर पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूने आहे. तुम्ही स्वतः बटण दाबून पाठवलेत तर त्याला 'तुमची मंजुरी' म्हणतात, मग ती कशीही मिळवलेली असो. क्रेडिट कार्ड असतं तर सेवा मिळाली नाही म्हणून भांडायला निदान तोंड होतं.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. 'गेल्या आठवड्यातली' म्हणून नोव्हेंबरमध्ये पाठवलेली पांढऱ्या शेपटीची नरं शिंगांवर मऊ मखमल घेऊन उभी होती. ही मखमल सप्टेंबरमध्येच झडते. चितळाला मात्र हा नियम लावू नका, त्याची शिंगं वर्षात कधीही मखमलीत असू शकतात. मागे सीडरच्या झाडांनी भरलेल्या टेकड्या होत्या, आणि सपाट माळ म्हणून विकलेल्या रानात टेकड्या कुठून आल्या? फाटकाचा फोटो तेवढा खरा होता. तो रस्त्यावरून कोणीही काढू शकतो.

मालकी तपासायला काय लागतं? दहा मिनिटं आणि इंटरनेट. टेक्ससच्या प्रत्येक काउंटीचं (जिल्ह्याचं) मालमत्ता मूल्यांकन कार्यालय जमिनीचा नकाशा, मालकाचं नाव आणि एकरं उघड दाखवतं. मी नंतर पाहिलं तर त्या फाटकामागच्या रानावर वेगळंच नाव होतं. जाहिरातवाल्याला आधी जमिनीचा काउंटीतला नंबर मागा, नाव जुळतं का बघा, आणि न जुळल्यास मालकाने त्याला लेखी अधिकार दिलाय का ते विचारा. शिवाय पैसे घेऊन शिकारीला रान देणाऱ्या मालकाकडे किंवा त्याच्या एजंटाकडे टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याचं हंटिंग लीज लायसन्स असावं लागतं. हे फारच थोड्या शिकाऱ्यांना ठाऊक आहे. त्याचा फोटो मागा. खरा रँचवाला फार तर कुरकुर करत पाठवेल. आमच्यावाल्याला मी शेवटी मुद्दाम मेसेज करून हे लायसन्स मागितलं. त्यानंतर तो नंबर बंद आहे.

तीच मखमलवाली नरं मला परवा दुसऱ्या एका जाहिरातीत दिसली. या वेळी रान ॲबिलीनच्या उत्तरेला, आणि अट: 'फक्त मझललोडर'. म्हणजे आता तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीवाल्यांची पाळी. जाहिरात मी तक्रार करून काढायला लावली, पण तो परत येणार. तुम्ही फसला असाल तर एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाका आणि ज्या काउंटीत फाटक आहे तिथल्या शेरिफला फोन करा, रक्कम कितीही लहान असो. आमच्या डेप्युटीने सांगितलं की प्रत्येक तक्रारीतला बँक खात्याचा तपशील त्यांना हवा असतो. मेसेज पुसू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.